गोलकीपरनं ग्लोव्हज विकायला काढले

मोसम ऐन रंगात आला असताना गोलकीपर आपले ग्लोव्हज विकत नाही. कोल्हापुरात तर नाहीच. त्या गुरुवारी दुपारी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ग्लोव्हज, तीन महिने वापरलेले, ६०० ला’ असा मेसेज पडला तेव्हा पोरांनी हसण्याचे इमोजी टाकले. कोचना मात्र ते खटकलं. ग्लोव्हज २,२०० रुपयांचे होते. निम्मे पैसे आईनं डब्यांच्या कमाईतून दिले होते, निम्मे पोरानं गणपतीत मांडव घालायला जाऊन मिळवले होते. कोचनी मैदानावर बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, “सोडलं सर फुटबॉल.” कारण काही सांगेना.

कोचनी मला फोन केला. मी शाळा-कॉलेजांत समुपदेशनाचं काम करते, त्यात मोबाइल आणि इंटरनेटच्या सुरक्षेवरची सत्रंही घेते. हे प्रकरण लिहायला मुलाची आणि घरच्यांची परवानगी आहे. मुलानं ती कोचमार्फत कळवली. पेठ, तारखा आणि घरातले काही तपशील बदललेत, कारण ओळख पटू नये हे कायद्याचंही बंधन आहे. त्याला इथं कीपरच म्हणते. वय सोळा, अकरावी. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर, बहुतेक दुसऱ्या पाळीला. आई घरातून जेवणाचे डबे करून देते.

झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली. नाव मराठी, गाव कोल्हापूर, राजारामपुरी. सहा-सात फोटो. आणि ‘तुमचे तीन मित्र हिला फॉलो करतात’ अशी ओळ. हे तीन मित्र त्याच्याच संघातले. त्या तिघांनीही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्यानं रिक्वेस्ट घेतली, दुसऱ्यानं पहिल्याचं नाव बघून घेतली, तिसऱ्यानं दोघांचं बघून. कीपरपर्यंत येईतो त्या खात्याला अर्ध्या संघाची साक्ष मिळाली होती. ‘या खात्याविषयी’ असा एक पर्याय असतो, तो दाबला तर खातं कधी उघडलं ते दिसतं. ते खातं जेमतेम तीन आठवड्यांचं होतं. पण तो पर्याय कुणी दाबला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तोवर कुठल्या सत्रात तो दाखवला नव्हता.

चार दिवस गप्पा झाल्या. मंगळवारी रात्री ‘व्हॉट्सॲपवर ये, व्हिडिओ कॉल करू’. कॉल दीड मिनिटाचा. समोर दिसत होती ती मुलगी नव्हती, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडिओ होता. कीपर मात्र खरा होता आणि त्याचं रेकॉर्डिंग होत होतं. कॉल बंद झाला आणि लगेच दोन गोष्टी आल्या. एक ती क्लिप. दुसरा त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट, चार नावांभोवती लाल गोल काढलेला: आत्या, वर्गशिक्षिका, कोच आणि तालमीचं, म्हणजे त्याच्या फुटबॉल संघाचं, पेज. पंधरा मिनिटांत ५,००० रुपये पाठव, नाहीतर चौघांना जाईल.

आई डब्यांचे पैसे स्कॅनरवर घेते आणि हिशेब पोरगाच ठेवतो, त्यामुळं तिचा पिन त्याला ठाऊक होता. आई झोपली होती. त्यानं २,००० पाठवले. बुधवारी एका पुरुषाचा हिंदीतून फोन आला. ‘दिल्ली सायबर सेल’मधून बोलतोय, तुझा व्हिडिओ यूट्यूबवर चढलाय, काढून घ्यायचा तर ११,५०० भर, नाहीतर तुझ्यावरच पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागेल. हा दुसरा हप्ता या टोळ्यांचा ठरलेला आहे. मुलगीही त्यांचीच, अधिकारीही त्यांचाच. कीपरनं मित्राकडून १,५०० उसने घेऊन तेही पाठवले. राहिलेल्या पैशांची सोय म्हणून ग्लोव्हज.

शिकलेली असंल

त्या गप्पा मी नंतर वाचल्या, कारण तक्रारीसाठी त्यांचे स्क्रीनशॉट लावायचे होते. ‘हॅलो प्रिय, तू काय करत आहेस?’ ‘मी आत्ताच क्लासवरून परत आली आहे.’ ‘मला तुझा खेळ खूप आवडतो, तू खूप देखणा आहेस.’ मी कोल्हापूरची. आमच्याकडं बायकापोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. पुण्याला गेलं की लोक त्यावरून चेष्टा करतात आणि आम्ही आणखी जोरात तसंच बोलतो. राजारामपुरीतली सोळा वर्षांची पोरगी रात्री अकरा वाजता लिहील ‘काय करालायस?’ आणि ‘आत्ताच आलो क्लासवरनं’. ‘हॅलो प्रिय’ हे तर कुठल्याच गावचं मराठी नाही, भाषांतराच्या ॲपमधून पडलेलं आहे.

कीपरची आई, आत्या, चुलत बहिणी सगळ्या ‘मी येतो’वाल्या. मी त्याला विचारलं, तुला हे बोलणं वेगळं वाटलं नाही काय? म्हणाला, “वाटलं की मॅडम. मला वाटलं शिकलेली असंल.”

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. संशय आला नाही असं नव्हतं. संशय आला आणि त्यानं तो स्वतःच्या बोलीवर घेतला. प्रमाण मराठी बोलणारी मुलगी आपल्याशी बोलते याचंच त्याला अप्रूप. (ही खूण फार दिवस टिकणार नाही, हेही लिहून ठेवते. यंत्रं उद्या ‘करालायस’ पण शिकतील.)

आता माझी बाजू. याच मुलाच्या कॉलेजात मी चार महिन्यांपूर्वी सत्र घेतलं होतं. हॉलमध्ये मुली पुढं, मुलं मागं. मी सांगितलं नव्हतं, तसंच बसवलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या पहिल्या स्लाइडवर ‘मुलींनी घ्यायची काळजी’ आणि दुसरीवर ‘मुलांनी काय करू नये’. मागची पोरं खिदळत होती. मी दोनदा ओरडले. कीपर तिथंच होता. त्याच्या लक्षात काय राहिलं ते त्यानं मला शब्द न् शब्द सांगितलं: “मुलींचे फोटो मागितले की पॉक्सो लागतो.”

त्यामुळं त्या ‘दिल्ली’वाल्यानं ‘तुझ्यावर पॉक्सो लागेल’ म्हटलं तेव्हा कीपरला ते खरं वाटणारच होतं. चार महिन्यांपूर्वी मॅडमही तेच बोलल्या होत्या. मुलगा गुन्हा करू शकतो एवढंच मी सांगितलं होतं. मुलाविरुद्धही गुन्हा होऊ शकतो हे माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं. खंडणी मागणाऱ्याचं निम्मं काम मी आधीच करून ठेवलं होतं.

पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालची कुठलीही व्यक्ती. मुलगा-मुलगी असा भेद नाही. कलम ११ मध्ये मुलाचं खरं किंवा बनावट लैंगिक चित्रण माध्यमांत वापरण्याची धमकी देणं हाही गुन्हा म्हणून लिहिलाय. नुसती धमकी. क्लिप पसरायची वाट बघावी लागत नाही. ‘बनावट’ हा शब्द त्यात पहिल्यापासून आहे, म्हणजे चेहरा चिकटवून केलेला फोटोही त्यात बसतो. ही माहिती मला होती. ती फक्त हॉलच्या मागच्या बाकांपर्यंत पोचवायची आहे हे सुचलं नव्हतं.

गुरुवारची रात्र

कोचनी त्याला ऑफिसात बोलवायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं. टेबलापलीकडं बसवलं की पोरगं आरोपी होतं. संध्याकाळी आम्ही तिघं रंकाळ्यावर चालायला गेलो. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हा मोठा फायदा. संध्यामठाकडून अर्धा फेरा होईतो तो सामन्यांबद्दलच बोलत होता. मग एकदम म्हणाला, “सर, एक व्हिडिओ हाय.”

सगळं ऐकून झाल्यावर मी त्याला एक प्रश्न सरळ विचारला: जीव द्यावा असं मनात आलं काय? कोच दचकले. पुष्कळांना वाटतं, विचारलं की डोक्यात भरतं. तसं होत नाही. उलट विचारलं की पोराला कळतं, या माणसासमोर हेही बोलता येतं. तो म्हणाला, “आलं हुतं. काल.” त्या क्षणी पैसे, क्लिप, पोलिस सगळं दुसऱ्या नंबरावर गेलं. आज रात्री तुझ्या खोलीत कोण झोपणार, हे आधी ठरवलं. चुलतभाऊ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये सेव्ह केला.

मग मला त्याला न आवडणारी गोष्ट सांगावी लागली. त्यानं बोलायला सुरुवात करण्याआधीच ती सांगायला हवी होती, ती मी सांगितली नव्हती. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा ज्याला कळला त्यानं तो पोलिसांना कळवायचाच असतो. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. त्यामुळं हे आपल्या तिघांत ठेवता येणार नाही, आणि घरीही आजच सांगायचं. तो थांबला. “म्हंजे तुमी बी सांगणारच,” एवढंच म्हणाला. ते ‘बी’ मला लागलं.

घरी जायच्या आधी कोचच्या गाडीत बसून आम्ही पुरावा नीट केला. त्या खात्याचं दिसणारं नाव नव्हे, तर त्याची लिंक. नाव मिनिटात बदलतं. फोन नंबर, यूपीआय आयडी, दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक, वेळा. चॅट पुसायचं नाही. उत्तरही द्यायचं नाही, पैसे तर नाहीच. इतक्यात कोच म्हणाले, “ती क्लिप माझ्याकडं पाठव, पोलिसांना दाखवायला बरं.” मी त्यांचा हात धरला. हेतू शंभर टक्के चांगला. पण अल्पवयीन मुलाची अशी क्लिप दुसऱ्याच्या मोबाइलवर जाणं हा नवा गुन्हा ठरू शकतो, आणि क्लिपचा नवा प्रवास तर होतोच. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं असं साहित्य जवळ बाळगण्याबद्दल कडक निकाल दिलाय. क्लिप मुलाच्याच मोबाइलमध्ये राहते, पोलिस तिथंच बघतात.

‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी ती आहे. मुलानं साइटवर जाऊन आपल्या मोबाइलमधली फाइल निवडायची. फाइल कुठंही जात नाही. तिच्यावरून मोबाइलमध्येच एक लांबलचक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि फक्त तो जातो. इन्स्टाग्राम, फेसबुकसारखे प्लॅटफॉर्म त्या क्रमांकाशी जुळणारी फाइल शोधून काढून टाकू शकतात. कीपरनं तीनदा विचारलं, “नक्की क्लिप जात न्हाई न्हवं?” मग केलं. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये याचा उपयोग नाही, हेही त्याला सांगितलं. खोटी खात्री दिली असती तर पुढं माझ्या एकाही शब्दावर त्यानं विश्वास ठेवला नसता.

घरी पोचलो तेव्हा आई दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची तयारी करत होती. तिनं सगळं ऐकलं, मध्ये एकदा गॅस बंद केला, बाकी हलली नाही. मग म्हणाली, “मी बोलतो त्याच्या वडलांशी. तुमी थांबा जरा.” वडील बाराला आले. पहिलं वाक्य, “फोन आण हिकडं.” दुसरं, “पोरगी असती तर समजून घेटलं असतं. तू पोरगा हायस.”

त्यांच्यावर मला राग आला नाही. माझ्या स्लाइडवर तरी दुसरं काय होतं?

मग काका आले. काकांना सगळ्या प्रकरणात एकच प्रश्न: “कुठला हाय त्यो? पत्ता सांगा, पोरं घिऊन जातो.” कोल्हापूरच्या रगेवर माझं प्रेम आहे, पण ही रग जायची कुठं? नंबर एका राज्यातला, बँकखातं दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या नावावर, आणि त्यालाही बहुधा चार पैसे देऊन त्याचं खातं वापरलेलं. काकांना काहीतरी काम हवं होतं. त्यांना १९३० ला फोन लावायला बसवलं. सायबर आर्थिक फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन. नंतर त्यांनीच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रारही वहिनींच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, नावानं भरून घेतली. आधीच्या २,००० चा माग पुढच्या खात्यांत विरून गेला होता. १,५०० पैकी ९०० एका खात्यात गोठवले गेले. ते अजून गोठलेलेच आहेत.

वडिलांनी फोन काढून घेतला असता तर सगळा पुरावाही त्याच्याबरोबर कपाटात गेला असता, आणि पुढच्या वेळी पोरगं कुणाला काही बोललं नसतं. हे त्यांना मी समजावलं नाही. आईनं समजावलं, आतल्या खोलीत, पंधरा मिनिटांत. काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही, “जेवलायस काय?” म्हणाले.

शुक्रवारी पोलिसांत गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही. पहिल्या टेबलावरचं वाक्य: “मुलाला कसला पॉक्सो?” मी सोबत कायद्याची प्रत नेली होती. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलगा असला तरी हेच. तासाभरानं एका महिला उपनिरीक्षकांनी प्रकरण हातात घेतलं आणि मग काही अडलं नाही. त्या साध्या ड्रेसमध्ये घरी आल्या, चहा घेतला आणि पहिली दहा मिनिटं त्याच्याशी पेनल्टी किक कशी अडवतात यावर बोलल्या. गुन्हा नोंद झाला. तपास सुरू आहे. कुणी सापडलेलं नाही.

क्लिप गेली. रविवारी त्या लोकांनी ती दोघांना पाठवली, आत्याला आणि संघातल्या एकाला. आत्यानं न उघडता भावाला फोन केला. तिला शनिवारीच सांगून ठेवलं होतं की असं काही येईल, उघडू नकोस, पुढं पाठवू नकोस, रिपोर्ट कर. संघातल्या पोराला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. ते आमचं चुकलं. त्यानं चेहऱ्याचा स्टिकर बनवला आणि अकरा जणांच्या एका ग्रुपवर टाकला. सोमवारी सरावाला कोचनी सगळ्यांना गोल बसवलं, कीपरला मुद्दाम घरी ठेवून. मोबाइल काढायला लावले. “ज्याच्याकडं हे हाय, तो आत्ता माझ्यासमोर डिलीट करणार. आनी त्याला असं झालंय, तुमाला होनार न्हाई असं वाटतंय काय? त्या पोरीला फॉलो कुणी-कुणी केलंय, हात वर करा.” सात हात वर आले.

स्टिकर बनवणारा त्यानंतर सरावाला आला नाही. मला त्याच्याशी बोलायचं होतं, राहून गेलं.

एक शोध उशिरा लागला. इन्स्टाग्रामनं २०२५ च्या फेब्रुवारीत भारतात किशोरांची खाती वेगळी केली: खातं आपोआप खासगी, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सात सूचना बंद. शिवाय डीएममध्ये (खासगी मेसेजमध्ये) नग्न फोटो आला तर तो धूसर दिसतो. कीपरला यातलं काही लागू नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल हातात आला, तेव्हा त्यानं खातं काढताना जन्मसाल २००० टाकलं होतं. ॲपच्या लेखी तो पंचवीस वर्षांचा बाप्या. आता मी सत्राची सुरुवातच यावर करते. मोबाइल काढा, ॲपमध्ये तुमचं जन्मसाल काय आहे बघा. परवा एका वर्गात बावन्नपैकी एकोणतीस जण कागदोपत्री अठराच्या वरचे निघाले, एक मुलगी १९८७ ची. हशा होतो. मग ‘ही कोल्हापूरची आहे काय?’ म्हणून चार चॅट वाचायला देते आणि मागच्या बाकांना आधी बोलू देते. बसण्याची व्यवस्था हजेरीपटाप्रमाणे. एक जुनी स्लाइड मी ठेवली आहे, ‘मुलांनी काय करू नये’. तीही खरीच आहे, फक्त आता ती एकटी नाही.

वडील पालकसभेला आले होते. सभा आम्ही पहिल्या पाळीचे लोक सुटल्यावर, साडेपाचला ठेवतो. ते शेवटपर्यंत बसले, काही बोलले नाहीत. जाताना वहीच्या कागदावर १९३० आणि १४४१६ लिहून घेतलं, फौंड्रीतल्या पोरांना द्यायला म्हणाले.

कीपर दोन सामने बसला आणि तिसऱ्याला उतरला. ग्लोव्हज विकले गेले नव्हते; ६०० लाही कुणी घेतले नाहीत, पोरांना वाटलं फाटके असतील. कोचकडं तो बोलतो. त्या उपनिरीक्षकांना त्यानं सामन्याचा फोटोसुद्धा पाठवला. माझ्याशी मात्र रंकाळ्यावरच्या त्या संध्याकाळनंतर तो एकटा कधी बोलला नाही. मी शब्द मोडला असं त्याला वाटतं. शब्द मी दिलाच नव्हता, पण देणार नाही हेही वेळेवर सांगितलं नव्हतं. आता कुणी बोलायला आलं की हे पहिल्या दोन वाक्यांत सांगते. त्यामुळं दोन मुलं बोलायची थांबून परत गेली, त्यातला एकच पुन्हा आला.

गेल्या आठवड्यात त्यांचा सामना बघायला गेले होते. मी गोलच्या मागच्या बाजूला उभी होते. त्यानं मला बघितलं, मान हलवली नाही, ग्लोव्हजचे पट्टे दातानं ओढून घट्ट केले आणि कॉर्नरसाठी दोन पावलं पुढं सरकला.